महाखालीहून मतलबला

बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. दवाखाने चालू असतात, पण भेटीची परवानगी देणारी कार्यालयं बंद असतात. म्हणून आरोग्याची कामं पाहायला ढाक्यातल्या महाखालीहून मतलब या गावापर्यंत जायचं तर रविवार ते गुरुवार असा आठवडा धरावा. परवानगीचं पत्र निघण्याआधीच हातात असावं. वॉर्डात फोटो काढायचे नाहीत, आत जाताना आणि बाहेर येताना साबणाने हात धुवायचे. मोसम मार्च-एप्रिलचा निवडावा. पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरताना अशी दोनदा इथे जुलाबाची साथ चढते, आणि अशा वेळीच कळतं की इथली व्यवस्था कशाच्या बळावर उभी आहे.

आधी दोन आकडे. पाच वर्षांची व्हायच्या आत दगावणारी मुलं ऑस्ट्रेलियात हजारी चारच्या आसपास, बांगलादेशात तीसच्या आसपास. 1990 मध्ये बांगलादेशाचा हाच आकडा 140 च्या पुढे होता. आरोग्यावर माणशी वर्षाला होणारा खर्च बांगलादेशात शंभर डॉलरच्या आत, ऑस्ट्रेलियात सहा हजारांहून अधिक. एवढ्या तोकड्या पैशात मृत्यू इतके खाली आणणारा देश म्हणून बांगलादेश पाहायला हवा. स्वस्तात काय जमलं आणि पैसा नसल्यामुळे काय अडलं, दोन्ही इथे एकाच रस्त्यावर भेटतं.

रविवार, ढाका

महाखाली भागातलं ‘आयसीडीडीआरबी’ या जुलाबाच्या आजारांवरच्या संशोधन संस्थेचं रुग्णालय रिक्षावाल्याला ‘कॉलेरा हॉस्पिटल’ म्हटलं की लगेच कळतं. 1960 साली कॉलऱ्यावरची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था 1978 पासून आंतरराष्ट्रीय आहे. वर्षाला लाखाहून अधिक रुग्ण येतात, उपचार मोफत. साथीत खाटा संपल्या की आवारात तंबू ठोकतात. 2022 च्या मार्चमध्ये दिवसाला हजाराच्या वर माणसं येत होती.

दारातच वजन होतं. मग डोळे खोल गेलेत का, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर किती हळू परत जाते, नाडी लागते का, रुग्ण पाणी घटाघटा पितो की पिऊच शकत नाही, एवढं पाहून दोन-तीन मिनिटांत निर्णय. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणं नाही. कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. रिपोर्टची वाट पाहण्यात रुग्ण हातचा जातो.

खाट पाहण्यासारखी आहे. लोखंडी चौकट, त्यावर पुसता येईल असं प्लास्टिक, मधोमध भोक, भोकाखाली बादली. बादलीत किती गेलं ते मोजायचं आणि तेवढं परत भरून द्यायचं. कॉलऱ्याचा सगळा उपचार या हिशेबावर चालतो.

गंभीर रुग्णाला किलोमागे 100 मिलिलिटर सलाईन शिरेतून द्यायचं. एक वर्षावरच्या प्रत्येकाला त्यातलं 30 पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेलं 70 पुढच्या अडीच तासांत. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला तीन तासांत पाच लिटर, त्यातलं दीड लिटर पहिल्या तीस मिनिटांत. तान्ह्या बाळाला हेच प्रमाण, पण सहा तासांत. चुका होतात त्या इथेच. नवखा डॉक्टर इतक्या वेगाला बिचकतो आणि थेंब-थेंब सोडत बसतो. बारीक सुईतून हा वेग मिळत नाही. जाड सुई लावावी लागते, प्रसंगी दोन्ही हातांना. नाडी लागली की नातेवाइकांना वाटतं झालं काम, आणि ड्रिप मध्येच बंद होते. काही ठिकाणी नुसतं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, चढवतात; त्यात मीठ नसतं, त्यामुळे गेलेलं मीठ भरून येत नाही. इथे वापरतात त्या ‘कॉलेरा सलाईन’मध्ये पोटॅशियम लिटरमागे 13 मिलिमोल असतं, रिंगर लॅक्टेट या नेहमीच्या सलाईनमध्ये 4. जुलाबातून पोटॅशियम भरमसाट जातं, म्हणून हा फरक महत्त्वाचा. अतिकुपोषित मुलाला मात्र हा वेग सोसत नाही, त्याच्या हृदयावर ताण येतो. त्याचं सगळं गणित वेगळं आणि सावकाश. आणि रुग्णाला गिळता यायला लागलं की ड्रिप चालू असतानाच तोंडाने ओआरएस सुरू.

उपचाराविना गंभीर कॉलऱ्याचे निम्मे रुग्ण दगावू शकतात. वेळेवर पाणी भरलं तर शंभरात एकही जात नाही. लंडन किंवा मेलबर्नमध्ये असा रुग्ण आलाच तर त्याला वेगळी खोली, ठरावीक वेगाने सलाईन ढकलणारा पंप आणि दर काही तासांनी रक्ततपासणी मिळेल. जीव वाचण्याची शक्यता मात्र महाखालीत त्याहून कमी नाही. या आजारात पैशाची खरी दरी रुग्णालयात नाहीच. ती नळाच्या पाण्यात आणि गटारात आहे. जुलाबाने जगात अजून वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास लहान मुलं जातात, आणि श्रीमंत देशातलं मूल त्यांत जवळजवळ नसतंच.

सोमवार, त्याच आवारात

अतिदक्षता विभागात एका तान्ह्याच्या खाटेशी प्लास्टिकची शांपूची बाटली बांधलेली दिसेल. बाटलीत पाणी, पाण्यात नळीचं टोक, आणि त्यातून सतत बुडबुडे. न्यूमोनियाच्या मुलांसाठी डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी इथे बसवलेला हा बबल सीपॅप, म्हणजे श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवणारी जोडणी. मेलबर्नला शिकत असताना त्यांनी तिथल्या रुग्णालयातलं विकतचं यंत्र पाहिलं आणि ढाक्यात हाताशी असलेल्या वस्तूंतून तेच तत्त्व उभं केलं. एका व्हेंटिलेटरला 15,000 डॉलरच्या आसपास पडतात. या जोडणीचं सामान सव्वा डॉलरचं.

जोडणी अशी. ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र), त्यापुढे प्रवाह दाखवणारा मीटर, तिथून नळी बाळाच्या नाकातल्या दोन छोट्या नळ्यांकडे. बाळ श्वास सोडतं त्या बाजूची नळी बाटलीतल्या पाण्यात बुडवायची. पाण्याखाली टोक जितके सेंटिमीटर, तितका दाब. पाचपासून सुरुवात, गरजेनुसार दहापर्यंत. या दाबामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसातले फुगे मिटत नाहीत आणि पुढचा श्वास घ्यायला बाळाला कमी जोर लागतो. बुडबुडे सतत येतील इतका प्रवाह ठेवायचा.

बुडबुडे थांबले की दाब गेला. कारणं ठरलेली: नाकातली नळी सैल झाली, बाळाचं तोंड उघडं राहिलं, नळी कुठेतरी मुडपली, किंवा शेंबडाने चोंदली. बाहेर जाणाऱ्या नळीत वाफेचं पाणी साठलं तर उलट दाब वाढतो. ते झटकून काढावं लागतं. पोटात हवा भरून पोट फुगतं, म्हणून तोंडातून जठरात नळी घालून हवा सोडवायची. नाकातली नळी मापाला मोठी असेल तर नाकाचा पडदा सोलवटतो. यातली एकही गोष्ट यंत्र सांगत नाही. परिचारिकेने दर थोड्या वेळाने येऊन बाटली, नाक, पोट आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर पाहावा लागतो.

तीन गटांत वाटलेल्या 225 मुलांवर झालेल्या इथल्या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवर 67 पैकी 10 मुलं गेली, बबल सीपॅपवर 79 पैकी 3. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीने चाचणी मध्येच थांबवली.

ही गोष्ट इथपर्यंतच सांगितली जाते, आणि तसं होऊ नये. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात बबल सीपॅपचीच मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2019 मध्ये आले. तिथे सीपॅपवरची 17 टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनवरची 11 टक्के. तिथली मुलं आधीच जास्त आजारी होती. एचआयव्ही, तीव्र कुपोषण किंवा रक्तातला ऑक्सिजन खूप घसरलेला. पण मोठा फरक आणखी एक होता. ढाक्यात खाटेशेजारी चोवीस तास डॉक्टर असतो. मलावीतल्या त्या वॉर्डात रोजची डॉक्टरी देखरेख नव्हती. बाटली एका देशातून दुसऱ्या देशात सहज जाते, बाटलीकडे लक्ष ठेवणारं माणूस जात नाही. स्वस्त यंत्रं वाटण्याच्या उत्साहात असलेल्या प्रत्येक संस्थेने मलावीचे आकडे ढाक्याच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचायला हवेत.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, ज्याची राजधानी मेलबर्न, 2015 च्या कायद्याने मोठ्या रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात दिवसा चार रुग्णांमागे एक परिचारिका बंधनकारक आहे. बांगलादेशात परिचारिकांपेक्षा डॉक्टरच जास्त आहेत. जगभर उलट असतं, आणि एका डॉक्टरमागे तीन परिचारिका हे मान्य प्रमाण आहे. सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात म्हणूनच प्रत्येक खाटेशी आई, मावशी, भाऊ बसलेले दिसतात. सलाईनची बाटली संपत आली हे तेच पाहतात, औषध आणायला तेच पळतात.

ऑक्सिजनचा हिशेबही करून ठेवावा. मोठ्या सिलिंडरात सुमारे 7,000 लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटरने एका मुलाला तो अठ्ठावन्न तास पुरेल. दहा लिटर लागणाऱ्या मोठ्या माणसाला बारा तासही नाही. श्रीमंत देशात हा वायू बाहेरच्या टाकीतून भिंतीतल्या नळाला येतो आणि सिलिंडर बदलायची वेळच येत नाही. कॉन्सन्ट्रेटरला सिलिंडर लागत नाही, पण वीज गेली की तो बंद.

मंगळवार, मिटफोर्ड आणि सदरघाट

जुन्या ढाक्यात बुडीगंगेच्या काठी 1858 साली उघडलेलं मिटफोर्ड रुग्णालय आहे आणि त्याला खेटून औषधांचा घाऊक बाजार. गल्लीत दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, इतकी खोकी रचलेली. सकाळी लवकर जावं. दुपारनंतर हातगाड्यांनी वाट बंद होते.

आजारपणावर होणाऱ्या दर शंभर टाका (तिथलं चलन) खर्चातले सत्तरहून अधिक बांगलादेशातलं कुटुंब स्वतःच्या खिशातून भरतं. ऑस्ट्रेलियात हा वाटा साधारण सातवा हिस्सा आहे. भारतात 2021-22 च्या सरकारी हिशेबात 39.4 टक्के. बांगलादेशात खिशातून जाणाऱ्या पैशांतला साठ टक्क्यांहून जास्त भाग औषधांचा असतो, म्हणजे तो याच गल्लीतून निघालेल्या मालावर खर्च होतो. गोळ्या सुट्या मिळतात. पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं तरी हातावर पोट असलेला माणूस दोन दिवसांच्या गोळ्या घेतो, ताप उतरला की थांबतो. औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात त्याचं हे एक मोठं कारण. 2022 पासून अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल खूण सक्तीची झाली आहे, पण विकणारा दुकानदार आणि नसलेला पैसा तोच आहे.

तरीही इथली औषधं स्वस्त आहेत, आणि ते आपोआप घडलेलं नाही. 1982 च्या औषध धोरणाने सुमारे 1,700 निरुपयोगी किंवा घातक औषधं बाजारातून काढली आणि परदेशी कंपन्यांवर मर्यादा घातल्या. सावारच्या गणस्वास्थ्य केंद्राचे डॉ. जफरुल्ला चौधरी त्यामागे ठामपणे उभे होते. अमेरिकेच्या सरकारने धोरण मागे घ्यायला दबाव आणला, तो टिकला नाही. आज देशाची जवळजवळ सगळी गरज देशी कारखाने भागवतात. अतिअविकसित देश म्हणून पेटंटच्या नियमांतून सूट असल्याने हेपॅटायटिस सी वरची सोफॉसबुविरची गोळी, जी अमेरिकेत 2013 मध्ये एक हजार डॉलरला एक अशी बाजारात आली, ती इथल्या कंपन्यांनी 2015 मध्येच बनवायला घेतली. अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायला संयुक्त राष्ट्रांनी बांगलादेशाला 24 नोव्हेंबर 2026 ही तारीख ठरवून दिली. देश कागदोपत्री वर चढतो आणि त्याच वेळी औषधांची सवलत हातून निसटायला लागते. विकासाच्या गप्पांत ही बाजू फार कमी ऐकू येते.

मिटफोर्डहून सदरघाट चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून चांदपूरला लाँच जाते, साडेतीन-चार तास. पुढे मतलबपर्यंत सीएनजी रिक्षा.

बुधवार, मतलब

मेघनेच्या खोऱ्यातलं हे गाव सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्याने एकदा तरी पाहावं. 1963 पासून इथे कॉलऱ्यावर काम चालू आहे. सुरुवातीचं रुग्णालय पाण्यावर तरंगणाऱ्या बार्जवर होतं, आणि रुग्ण आणायला स्पीडबोटी. 1966 पासून घरोघरच्या जन्ममृत्यूंची, लग्नांची, स्थलांतरांची नोंद अखंड ठेवली जाते. गावातल्याच बायका ठरावीक मुदतीने प्रत्येक दार ठोठावतात. अनेक गरीब देशांत माणूस कशाने गेला याची नोंदच नसते. इथे दोन लाखांहून अधिक लोकसंख्येची आहे, म्हणून लस असो की कुटुंबनियोजन, परिणाम मोजता येतो.

1968 मध्ये डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या अमेरिकी डॉक्टरांनी ढाका-मतलबच्या रुग्णांवर दाखवून दिलं की जितकं पाणी बादलीत जातं तितकंच ग्लुकोज-मिठाचं पाणी तोंडाने दिलं, तर शिरेतून द्यायच्या सलाईनची गरज 80 टक्क्यांनी घटते. ग्लुकोज आतड्याच्या पेशीत शिरताना सोडियम बरोबर ओढून नेतं आणि त्यामागे पाणी जातं. कॉलऱ्याच्या विषाने हा मार्ग बंद होत नाही. 1971 मध्ये सीमेपलीकडे भारतातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा कालवून ते पिंपातून दिलं. लिटरला खर्च अकरा पैसे. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते ते 3.6 टक्क्यांवर आले.

मग ‘ब्रॅक’ या बांगलादेशी स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या 1980 ते 1990 या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत गेल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, एवढं त्या आयांना शिकवायच्या. शिकवणारीला पगार किती घरं झाली यावर नव्हता. महिन्याभराने दुसरी तुकडी काही घरं निवडून जायची, आईला प्रश्न विचारायची, तिच्याकडून पाणी बनवून घ्यायची आणि त्यातल्या मिठाची प्रयोगशाळेत तपासणी व्हायची. आईला जितकं आलं तितके पैसे शिकवणारीला. सुरुवातीला बायकांना पाठ होतं, पण आजारपणात वापर कमीच. शोध घेतल्यावर दिसलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःच्या जुलाबाला त्या दुसरंच औषध घेत. आणि घरच्या पुरुषांना कोणी काही सांगितलं नव्हतं. दोन्ही सुधारलं तेव्हा वापर वाढला.

आजची पुडी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची: लिटरमागे ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सोडियम सायट्रेट 2.9. बांगलादेशातली नेहमीची पुडी अर्ध्या लिटरची. आपल्याकडे लिटरचीही मिळते आणि 200 मिलिलिटरचीही, म्हणून पुडीवरचं माप वाचल्याशिवाय पाणी घेऊ नये. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ इतकं दाट होतं की बाळाला झटके येऊ शकतात. अर्धी आज, अर्धी उद्या असंही करू नये. कालवलेलं चोवीस तासांत संपवावं, उरलं तर ओतावं. सोबत जस्ताची गोळी 10 ते 14 दिवस, सहा महिन्यांखाली 10 मिलिग्रॅम, पुढे 20. जुलाब थांबले की लोक ती बंद करतात. आणि साखरेची गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नयेत, जुलाब वाढतात. भारतात सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला 2025 च्या ऑक्टोबरात बंदी आली ती याचसाठी.

एक धागा महाराष्ट्रातून इकडे आला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात 39 गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये त्याच धर्तीवर चाचणी झाली, 2008 चे निष्कर्ष 34 टक्के घट दाखवतात.

लशीची गोष्ट मात्र कडू आहे. तोंडाने घ्यायच्या कॉलरा लशीची मोठी चाचणी 1985 मध्ये मतलबच्याच बायका-मुलांवर झाली. श्रीमंत देशातला प्रवासी आज अशी लस औषधाच्या दुकानातून घेऊन सुट्टीवर जातो. साथीच्या देशांसाठीच्या जागतिक साठ्यात मात्र 2022 च्या ऑक्टोबरात इतका तुटवडा झाला की दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरवावं लागलं. हैदराबादच्या कारखान्याने 2023 अखेर उत्पादन थांबवलं. ज्यांना लस हवी त्यांच्याकडे पैसा नाही, म्हणून बनवणारे मोजके.

गुरुवार, मतलबचे हातपंप

जुलाब टाळायला तळ्याचं पाणी सोडून हातपंपाचं प्या, असं 1970 च्या दशकापासून इथे घरोघर सांगितलं गेलं. पंप बसले. 1993 मध्ये कळलं की पाण्यात आर्सेनिक नावाचं विष आहे. मतलबमध्ये पाहणी झाली तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक पंप देशाच्या मर्यादेबाहेर निघाले. लाल रंगाचा पंप पिण्यासाठी नाही, हिरवा चालेल, अशी खूण तेव्हा केली. आता रंग बहुतेक उडालेत आणि नवे पंप तपासल्याविना बसतात.

मर्यादाही दोन आहेत. लिटरला 10 मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची. अमेरिकेने 50 वरून 10 वर यायचं 2001 मध्ये ठरवलं आणि 2006 पासून लागू केलं. बांगलादेशात अजून 50. पाणी तेच, शरीर तेच. मर्यादा खाली आणली तर आणखी लाखो पंप बंद करावे लागतील, आणि बदल्यात द्यायला पाणी नाही.

तपासणी सोपी आहे. बाटलीत पाणी घ्यायचं, आम्लाची आणि जस्ताची पूड टाकायची, रसायन लावलेली पट्टी झाकणात अडकवून बंद करायचं. वर येणाऱ्या वायूने पट्टी पिवळी ते तपकिरी होते. तक्त्याशी रंग जुळवायचा. दिलेल्या वेळेआधी पट्टी काढली तर आकडा कमी दिसतो. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, पाणी आटल्याने उलट वाढतं. आर्सेनिकमुळे तळहातावर खड्यांसारखे टणक उंचवटे, छातीवर डाग यायला वर्षं लागतात, म्हणून हिरवा पंप लांब असला तर बाई रोज लालच पंप हापसते.

दीडशे मीटरहून खोल गेलेले नळ, म्हणजे कूपनलिका, सहसा सुरक्षित, पण महाग; सरकारी खोल नळ वजनदार माणसाच्या अंगणात बसतात, हे ह्यूमन राइट्स वॉचने 2016 च्या अहवालात मांडलं. मतलबच्या मिस्त्रींना दुसरा मार्ग ठाऊक आहे. बांबूच्या परांचीवर एकजण बसून नळाच्या तोंडावर तळवा ठेवतो, दुसरा तरफेने नळ वरखाली करतो. नळ खाली जाताना तळवा उचलला की आतला गाळ उसळून बाहेर पडतो. गाळ काळा असेल तर त्या थराचं पाणी बहुधा वाईट, तांबडी वाळू लागली तर बहुधा चांगलं. स्वीडनच्या आणि ढाका विद्यापीठाच्या संशोधकांनी इथेच ही खूण पडताळली. तांबड्या थरात आर्सेनिक कमी असलं तरी मँगनीज बऱ्याचदा जास्त निघतं, म्हणून तिथलं पाणीही दोन्हींसाठी तपासून घ्यावं लागतं.

परतीला दाउदकांदीमार्गे बस घ्यावी. गुरुवारी दुपारनंतर सुट्टीची गर्दी सुरू होते, तेव्हा दुपारच्या आत निघावं.